रजिस्टरातली शेवटची ओळ

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला कधी विचार करावा लागला नाही. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. आईवडिलांचं नाव मी त्यांच्यानंतर घेत आलो, आणि वडील होते तेव्हा त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. "गुरुजीनं नसतं केलं तं तू आज माह्यासंगं गाठी उचलत असता," असं ते स्वतःच म्हणायचे.

वडील तालुक्याच्या जिनिंगमध्ये हमाल होते. कापसाच्या गाठी ट्रकवर चढवायचं काम. माझी सातवी झाली तेव्हा मलाही तिथंच लावायचं घरात ठरलं होतं. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. वडील त्यांना पाणी देत, खाली मान घालून सगळं ऐकत आणि शेवटी एकच सांगत, "आपल्या घरात कोनी शिकलंच नाही, गुरुजी. रक्तातच नाही आमच्या. पोरगं उगाच मधातच लटकन."

तिसऱ्या वेळी गुरुजी आले नाहीत. त्यांनी वडिलांनाच शाळेत बोलावलं, सोबत मलाही. ऑफिसच्या कपाटातून लाल कापडात बांधलेलं जुनं दाखलखारीज रजिस्टर काढलं, एक पान उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

"वाच. मोठ्यानं वाच."

पानाच्या अगदी तळाशी माझ्या आजोबांचं नाव होतं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट. पुढे गाव, पुढे इयत्ता दुसरी, शाळा सोडण्याचं कारण घरकाम.

"माहा बाप?" वडील म्हणाले.

"तुझा बाप. दोन वर्षं बसला या शाळेत. आता सांग मला, रक्तात नाही म्हणून."

वडिलांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले. "कोनती ओळ?"

"शेवटची."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. आजोबा वारले तेव्हा ते स्वतः सहा वर्षांचे होते, त्यामुळे बापाबद्दल त्यांना फारसं काही आठवतही नव्हतं. त्या दिवशी परत येताना त्यांनी रस्त्यात भेटलेल्या तिघांना सांगितलं, "माहा बाप दोन यत्ता शिकेल होता." आठवडाभरानं मी आठवीत होतो.

पुढचं सगळं त्या ओळीवर उभं राहिलं. दहावी, पॉलिटेक्निक, डिग्री, पुण्यातली नोकरी आणि मग इथे, ड्युसेलडॉर्फला. जर्मनीला निघालो तेव्हा गुरुजी मुख्याध्यापक झाले होते. त्यांनी मला त्या पानाची झेरॉक्स दिली, लॅमिनेट करून, खाली शाळेचा गोल शिक्का, "सत्यप्रत" असा शेरा आणि त्यांची सही. "लांब चालला आहेस, हे जवळ ठेव," म्हणाले. मी ती पासपोर्टच्याच पाकिटात ठेवली. विमानात दोनदा काढून पाहिली.

ड्युसेलडॉर्फला आम्ही राइनच्या पलीकडच्या बाजूला एका जुन्या तीन मजली घरात भाड्यानं राहतो. घरमालकीण सर्वांत वरच्या मजल्यावर. आता त्या ऐंशीच्या आहेत. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काम केलेलं, त्यामुळे कोणतंही लेबल दोनदा वाचायची त्यांना सवय आहे. माझी बायको त्यांना वरच्या आजी म्हणते. पहिल्याच वर्षी एक जूनला त्या स्ट्रॉबेरीचा केक घेऊन दारात उभ्या राहिल्या. माझी जन्मतारीख त्यांनी भाडेकरारावर वाचली होती.

बायकोला हसू आवरेना. "अहो, सांगा ना त्यांना."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते. नाव घालायला आणलेल्या मुलाची जन्मतारीख बहुतेक घरांत माहीत नसायची. मग गुरुजी मुलाकडे बघायचे, डोक्यावरून हात पलीकडच्या कानापर्यंत पोचतो का ते बघायचे आणि एक जून लिहून टाकायचे. आमच्या वर्गात तीस-पस्तीस मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी होता.

"पूर्ण वर्गाचा?"

"दोन शिक्षकांची मुलं सोडून."

"आल्झो, असं होय," त्या म्हणाल्या, "मग केक मोठा करायला हवा होता." आणि पुढे दर वर्षी त्या एक जूनला केक आणत राहिल्या, खोटा वाढदिवस आहे हे पक्कं माहीत असून.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर एक मोठी चौकट टांगलेली होती. त्यात हातानं काढलेला वंशवृक्ष. सर्वांत वर मेंढी असलेली ढाल, तिच्याखाली एक इंग्रज कुटुंब, चारशे वर्षांपूर्वीचं, पश्चिम इंग्लंडमधल्या लोकरीच्या मुलखातलं. बाप कापडवाला. त्याला चार मुलं. त्यातला तिसरा मुलगा कापडाच्या जहाजांबरोबर हॅम्बुर्गला आला, तिथून सरकत राइनच्या काठी, आणि त्याच्यापासून खाली फांद्या फुटत फुटत शेवटी एका कोपऱ्यात आमच्या घरमालकीणबाई. त्यांच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं, युद्धात गेलं. हा वृक्ष आजोबांनी एका जाणकार माणसाकडून पैसे देऊन काढवून घेतला होता.

"नाझींच्या काळात वंशाचा कागद तर इथे सगळ्यांनाच काढावा लागला," त्या एकदा म्हणाल्या. "तो वेगळा, तो मी जाळला. हा आजोबांनी हौसेनं काढला होता."

ऐंशीव्या वाढदिवसाच्या आधी त्यांनी मला विचारलं. सगळे नातेवाईक जमणार होते, आणि वृक्ष त्यांच्या हाती सोपवण्यापूर्वी एकदा नीट तपासून घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. जर्मन बाजूची चर्चची पुस्तकं त्यांनी स्वतः पाहिली होती. इंग्लंडची बाजू राहिली होती, आणि त्यांचं इंग्रजी कच्चं होतं.

"तुम्हाला तर इंग्रजी येतं."

मी गिअरबॉक्स बनवणारा माणूस. पण त्यांनी मला घर दिलं होतं, तेही आम्ही नवीन असताना, बारा ठिकाणी नकार मिळाल्यावर. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला मोहही झाला. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज घराण्याचे कागद आमच्या गावच्या पोरानं तपासायचे, यात मला गंमत वाटली.

तिकडच्या परगण्याच्या दप्तरखान्यानं जुनी चर्च रजिस्टरं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. पहिलं पान उघडलं तेव्हा एक शब्द लागला नाही. त्या काळचे कारकून हात फारसा न उचलता लिहायचे, आपल्या मोडीसारखं. मी एका मोफत कोर्सवर ते अक्षर शिकलो. रविवारी दुपारी तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवायचं, पहिलीतल्या पोरासारखं. हळूहळू ते कुटुंब दिसू लागलं. बापाचं मृत्युपत्र सापडलं, त्यात त्यानं थोरल्याला माग ठेवला होता आणि मुलीला "सर्वांत चांगलं पितळी पातेलं". बायको म्हणाली, "म्हणजे तिकडेही मुलींच्या वाट्याला भांडीच." त्या घरातली दोन बाळं एकाच आठवड्यात दफन झालेली दिसली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून फिरून आलो.

एकदा मला वाटलं की सगळंच रजिस्टर बनावट आहे, कारण चाळीस वर्षांच्या नोंदी एकाच माणसाच्या हातच्या होत्या. मग वाचून कळलं की जुन्या फाटक्या वह्या चर्मपत्रावर पुन्हा उतरवून घ्यायचा हुकूम निघाला होता. ते खरंच होतं. या कामात पहिली शिकवण ही मिळाली, की एकसारखं अक्षर दिसलं म्हणून लगेच खोटं म्हणू नये.

दुसरी शिकवण महाग पडली.

वृक्ष काढणाऱ्या त्या जाणकारानं सोबत एक उतारा जोडला होता. इंग्लंडच्या रजिस्टरातलं एका वर्षाचं पान त्यानं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. सुरुवातीलाच फेब्रुवारीत त्या तिसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा. मग मे महिन्यात पिंप बनवणाऱ्याची मुलगी, ऑगस्टमध्ये एका गवंड्याचा मुलगा, असं पुढे. मी मूळ पान शोधलं. पिंपवाल्याची मुलगी होती. गवंड्याचा मुलगा होता. सगळे त्याच क्रमानं होते. फक्त वृक्षातला तो तिसरा मुलगा नव्हता.

पान पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वर्षी रजिस्टरची एक नक्कल बिशपकडे जायची, तीही पाहिली. नव्हताच. आणि मग लक्षात आलं की तो त्या जागी असूच शकत नव्हता. इंग्रजांचं वर्ष त्या काळी पंचवीस मार्चला सुरू व्हायचं, आपल्या पाडव्याच्या आगेमागे. आपल्याकडे माघ-फाल्गुन जसे वर्षाच्या शेवटी येतात, तसे त्यांचे जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी यायचे. त्या पानावर फेब्रुवारीची नोंद असती तर ती सर्वांत खाली असायला हवी होती. उतारा करणाऱ्यानं ती सर्वांत वर घातली, कारण त्याच्या स्वतःच्या घरातल्या कॅलेंडरात फेब्रुवारी वर येत होता. खोटी नोंद घालताना त्याला आपली सवय विसरता आली नव्हती.

राइनकाठचा पहिला माणूस खरा होता. त्याच्या लग्नाच्या नोंदीत पाद्र्यानं "इंग्रज" असं लिहिलंही होतं. पण तो कोणाचा मुलगा, हे कुठेच नव्हतं. मेंढीची ढाल, मृत्युपत्र, पितळी पातेलं हे सगळं दुसऱ्याच लोकांचं होतं.

मला शोध लागल्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मी दोन्ही कागदांची छापील प्रत काढली, लाल पेननं खुणा केल्या आणि रविवारी कॉफीच्या वेळी वर गेलो. त्यांनी केक कापला. मी सगळं समजावलं, मीटिंगमध्ये सदोष भाग दाखवावा तसं.

"म्हणजे त्या माणसानं माझ्या आजोबांना फसवलं," शेवटी त्यांनी विचारलं, "की आजोबांनी आम्हाला?"

"ते कागदावरून कळत नाही."

"नाही. ते नाहीच कळत." त्यांनी माझ्या लाल खुणांवरून बोट फिरवलं. "लहानपणी आजोबा मला जिन्यात उचलून ती मेंढी दाखवायचे. म्हणायचे, आपण हिची माणसं." मग म्हणाल्या, "तुम्हाला हे सांगताना बरं वाटतंय का?"

मी म्हणालो, "खरं ते खरं. माझ्या घरात एकच ओळ आहे, पण ती खरी आहे."

हे मी का बोललो कोण जाणे. बहुधा अपराधी वाटलं म्हणून. त्या म्हणाल्या, "आणा बघू. मी माझी दाखवली."

मी खाली जाऊन लॅमिनेट केलेली प्रत घेऊन आलो. त्यांच्यापुढे ठेवली आणि एकेक रकाना समजावला. हे नाव, हे गाव, हे वय, ही शाळा सोडल्याची नोंद. पानावर वीसेक मुलं होती. शेवटी माझे आजोबा. मी त्यांना वडिलांचं बोटही सांगितलं.

त्यांनी चष्मा बदलला. मराठी आकडे त्यांना येत नव्हते, पण त्यांनी ते मला वरून खाली एकेक करून वाचायला लावले. वय अंदाजे सात वर्षे. वय अंदाजे आठ वर्षे. वय अंदाजे सात. सगळ्या पानावर तसंच. शेवटच्या ओळीला मी पोचलो आणि वाचलं, "एक जून".

वर्षही होतं. पण मी वर्ष वाचलं नाही.

"हा तर तुमचा वाढदिवस," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वरच्या ओळींवरून नजर फिरवली.

"बाकी कोणालाच तारीख नाही. फक्त वय. मग यांनाच का?" त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, हे मला आजही स्पष्ट आठवतं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं त्या विचारत होत्या. "तुमच्या आजोबांच्या काळीही ती पद्धत होती का?"

"नसावी," मी म्हणालो. "असती तर सगळ्यांनाच लिहिली असती."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या अगदी हळू म्हणाल्या आणि प्रत माझ्याकडे सरकवली.

खाली येऊन मी ते पान खिडकीशी धरलं. पंचवीस वर्षं मी ते बाळगत होतो आणि ते कधी वाचलंच नव्हतं. फक्त पाहत आलो होतो. वरच्या वीस ओळींचं अक्षर किरटं, उजवीकडे कललेलं. शेवटच्या ओळीचं अक्षर गोल, सरळ, शिरोरेषा लांब ओढलेली. चारशे वर्षांपूर्वीचे मेलेले इंग्रज कारकून मी हातावरून वेगवेगळे ओळखत होतो, आणि ज्या हातानं मला पाटीवर अ काढून दिला तो हात मी ओळखला नव्हता. माझ्या सातवीच्या वहीत "छान" असं ज्या अक्षरात लिहिलेलं असायचं, तेच ते अक्षर होतं. खालच्या शेऱ्यातही तेच होतं. सत्यप्रत.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण त्यांनी तुमचं चांगलंच केलं ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

"तुला कोणी सांगितलं असतं की तुझ्या आजोबांनी..."

"माझे आजोबा वकील होते," ती म्हणाली, आणि मग तिची तिलाच चूक कळली. तिनं माझा हात धरला.

तरी माझी एक आशा बाकी होती. इंग्लंडच्या रजिस्टरानं शिकवलं होतं की एका खुणेवरून निकाल देऊ नये. वडिलांची मोठी बहीण, माझी आत्या, अजून आहे. आजोबा गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. लग्न होऊन ती दूरच्या गावी गेली आणि तिला घरच्या जुन्या गोष्टी कधी कोणी विचारल्याच नाहीत. मी फोन लावला. आधी गुडघे, मग सून, मग म्हैस, आणि मग विचारलं, "आत्या, आजोबा शाळेत गेले होते का?"

"गेला होता ना," ती लगेच म्हणाली.

मी जिवाचा कान केला.

"कवेलू फेराले. दर साली पान्याच्या आंधी जाये. त्या शाळेवरचे कवेलू पहिल्यांदा चढवले थेच माह्या बापानं. मी खालून देत जाओ, थो वरतून झेले."

"तसं नाही ग. कौलं शाकारायला नाही, शिकायला. दुसरीपर्यंत."

आत्या हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. "अरे बापू, माह्या बापाले अक्षर म्हनजे मुंग्यायची रांग. कोनं सांगितलं तुले?"

"मी सत्काराच्या वेळी स्टेजवर सांगितलं होतं. तू समोर बसली होतीस."

"हो ना, आयकलं मी," ती म्हणाली. "मले वाटलं, मोठ्या मानसाचं भाषन असंच रायते."

त्या सत्काराचं मला इथे सांगायलाच हवं, कारण खरं दुखणं तिथे आहे. जर्मनीला आल्यावर चौथ्या वर्षी मी सुट्टीवर गेलो तेव्हा शाळेनं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सगळं गाव मैदानात. मी भाषणात आजोबांची गोष्ट सांगितली. म्हणालो, "माझे आजोबा याच शाळेत शिकले, त्यांचं अर्धं राहिलेलं शिक्षण मी पूर्ण केलं." टाळ्या वाजल्या. वडील पहिल्या रांगेत उठून उभे राहिले. गुरुजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, डोळे भरून आले.

सातवीतल्या पोराला वाचवायला एक ओळ लिहिली, ते मी समजू शकतो. पण बत्तीस वर्षांच्या माणसाला ते भरल्या मैदानात खोटं बोलू देत होते, आणि संध्याकाळी आम्ही दोघंच त्यांच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. त्यांनी विचारलं, "तिकडे थंडी फार असते का?"

मी कोणाकडे तक्रार करायची? वडील ती ओळ खरी मानून गेले. बहिणीचं लग्न ठरवताना त्यांनी पाहुण्यांना ती सांगितली होती. आमच्या घरात दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

घरमालकीणबाईंचा वाढदिवस झाला. त्यांनी वृक्ष उतरवला नाही. त्यांनी मला एक पांढरी चिठ्ठी दिली आणि सुवाच्य अक्षरात लिहायला सांगितलं, "येथून वर माहीत नाही." ती त्यांनी काचेवर, राइनकाठच्या त्या इंग्रजाच्या डोक्यावर, चिकटवली. खाली आपली सही केली. सगळे नातेवाईक जिन्यात उभे राहून ती वाचत होते. मेंढी अजून वर आहेच.

दर गुरुपौर्णिमेला मी गुरुजींना पत्र लिहितो. फोन असतो, तरी पत्रच. यंदा गुरुपौर्णिमा गेली, मी लिहिलं नाही. त्यांनीही फोन केला नाही. दोन महिन्यांनी, ती चिठ्ठी रोज जाता-येता दिसत असताना, मी बसलो आणि लिहिलं. पाठवलेलं पत्र असं.

*

गुरुजी,

नमस्कार. दर वर्षी शिरसाष्टांग लिहितो. यंदा साधाच लिहिला आहे. दोनदा खोडून पाहिलं, पण हाताला दुसरं आलं नाही.

तुम्ही दिलेल्या त्या पानावरच्या शेवटच्या ओळीबद्दल विचारायचं आहे. त्या पानावर सगळ्यांचं वय अंदाजे लिहिलं आहे. फक्त माझ्या आजोबांना एक जून ही तारीख आहे. तुम्ही मलाही तीच दिली होती, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांना. अक्षरही तुमचंच आहे. मला ते आधी ओळखू आलं नाही, कारण मी तसं कधी पाहिलंच नाही. तुमच्या हातचं तपासून बघायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं.

मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळे. हे मी मागे घेत नाही. ती ओळ नसती तर वडिलांनी मला सोडलं नसतं, हेही मला कळतं. तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर कदाचित मीही लिहिली असती. पण गुरुजी, मी मोठा झाल्यावर तुम्ही सांगायला हवं होतं. सत्काराच्या दिवशी मी ते सगळ्या गावापुढे बोललो आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकलंत. त्या दिवशी तुम्हाला माझी दया आली होती का? गेले कित्येक दिवस मला हाच एक प्रश्न पडला आहे. बाकी सगळ्याला मी काही ना काही उत्तर काढतो, याला निघत नाही.

आणखी एक सांगायचं आहे. आत्याकडून कळलं की शाळेवरची कवेलू माझ्या आजोबांनी चढवली होती आणि दर वर्षी पावसाळ्याआधी ते येऊन फेरायचे. तुम्ही त्या शाळेत अठ्ठावीस वर्षं होता. जुन्या लोकांकडून हे तुमच्या कानावर आलं असेल का, मला माहीत नाही. आलं असेल, तर तुम्ही वडिलांना रजिस्टर दाखवण्याऐवजी अंगणात नेऊन वर बोट दाखवायला हवं होतं. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण छप्पर दिसत होतं. तुम्हाला वाटलं, तेवढं पुरणार नाही. मलाही काल-परवापर्यंत तसंच वाटलं असतं, आणि हे मी तुमच्याकडूनच शिकलो, म्हणून जास्त लागतं.

माझी एक विनंती आहे. रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. आजोबांच्या ओळीपुढे तो रिकामा आहे. तुम्ही आता निवृत्त आहात, रजिस्टरात काही लिहिण्याचा तुम्हाला अधिकार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून ती सत्यप्रत मी सोबत परत पाठवत आहे. लॅमिनेशन त्या रकान्यापुरतं आणि खाली खरवडलं आहे, म्हणजे शाई बसेल. त्या रकान्यात, ही नोंद तुम्ही कधी आणि का केली, एवढं लिहा आणि सही करा. छपराचं खाली मी लिहीन. मग ते पान मी माझ्या मुलीला देईन. ती इथल्या शाळेत आहे आणि तिची जन्मतारीख मिनिटासकट माहीत आहे.

लिहायचं नसेल तर प्रत कोरीच परत पाठवा. फोन करू नका. फोनवर तुम्ही थंडीबद्दल विचाराल आणि मी उत्तर देईन.

गुरुपत्नींना नमस्कार सांगा. त्यांना यातलं काही माहीत नसेल तर सांगू नका.

तुमच्या हातच्या ओळीची वाट बघतो. आता मला तो हात ओळखता येतो.

तुमचा विद्यार्थी